अग्निकाष्ठ शेती
ऑस्ट्रेलियातील आदिवासींची, ठरावीक ऋतूत आगी लावून भूमीची निगा राखण्याची परंपरागत पद्धती. ‘फायर-स्टिक फार्मिंग’ ही तिची मूळ संज्ञा पुरातत्त्वज्ञ रिस जोन्स यांनी १९६९ मध्ये रूढ केली. तीत नांगरणी वा पेरणी नसते. वारा मंद असता लहान लहान तुकड्यांतील वाळलेले गवत व पालापाचोळा जाळतात. वृक्षांचे शेंडे वाचतात, कोवळ्या गवतावर कांगारू येतात आणि ज्वलनशील द्रव्य साचत नाही. यूरोपीय वसाहतीनंतर ही प्रथा पुष्कळ ठिकाणी खंडित झाली.

तीव्र अवर्षण व उष्णता यांमुळे २०१९–२० मध्ये आग्नेय ऑस्ट्रेलियात भडकलेल्या वणव्यांचा धूर शेतांवर पसरला. धुरातील ग्वायाकॉलसारखी बाष्पनशील संयुगे द्राक्षांत शिरून शर्करेशी बद्ध होतात. किण्वनात ती मुक्त होऊन मद्यास राखेची चव येते. हंटर खोऱ्यातील बरेच पीक त्यामुळे वाया गेले.

उत्तरेकडील पश्चिम आर्न्हेम लँडमध्ये २००६ पासून आदिवासी वनरक्षक कोरड्या ऋतूच्या आरंभी अशा आगी लावतात. त्यामुळे ऋतूच्या अखेरचे मोठे वणवे घटले आहेत. या पद्धतीतही धूर होतोच आणि अवर्षणातील वणवे तिने सर्वस्वी टळत नाहीत; परंतु धुराची वेळ व प्रमाण काही अंशी माणसाच्या हाती राहते.