बूट कारखानदार ते गव्हर्नर: डेट्रॉइटचे हेझन पिंग्री

कातडं कापणारा कामगार

हेझन पिंग्री १८४० साली अमेरिकेतल्या मेन राज्यात, साध्या शेतकरी घरात जन्मले. पोरवयातच सूतगिरणीत लागले, पुढे मॅसॅच्युसेट्समध्ये बुटांच्या कारखान्यात कातडं कापायला शिकले. यादवी युद्धात उत्तरेकडून लढताना १८६४ मध्ये ते पकडले गेले आणि अँडरसनव्हिलच्या कुप्रसिद्ध कैदी छावणीत जाऊन पडले. तिथून जिवंत परतल्यावर त्यांनी डेट्रॉइट गाठलं. १८६६ मध्ये चार्ल्स स्मिथ यांच्या भागीदारीत एक छोटा बूट कारखाना विकत घेतला. वीसेक वर्षांत तो शेकडो कामगारांचा झाला.

१८८९ मध्ये रिपब्लिकन पक्षाने त्यांना महापौरपदासाठी उभं केलं. शहरातल्या धनिकांना आपल्यातलाच, हिशेबी आणि भानगडी न करणारा माणूस हवा होता. हिशेबी माणूस त्यांना मिळाला, पण तो हिशेब त्यांच्याकडेच मागू लागला.

प्रत्येक गोष्टीचा भाव

आपल्याकडे महापालिकेचा कारभार आयुक्त हाकतात. डेट्रॉइटमध्ये कारभाराचा प्रमुख महापौरच असे, त्यामुळे पिंग्रींच्या शब्दाला वजन होतं. रस्ते लाकडी ठोकळ्यांचे होते. ते कुजत, उन्हाळ्यात कधी पेटही घेत, तरी ठेकेदारांची बिलं चुकती होत. पिंग्रींनी काँक्रीटच्या पायावर विटांचे आणि डांबरी रस्ते करायला लावले. कारखान्यात एका जोडाला किती खर्च येतो हे पै-पैने काढणारा माणूस रस्त्यावरच्या एका दिव्याचा खर्च विचारत होता. खासगी कंपनीचा दर पटेना, म्हणून १८९५ मध्ये शहराचं स्वतःचं वीजघर सुरू झालं आणि दिव्यामागचा खर्च चांगलाच खाली आला.

ट्रामचं भाडं पाच सेंट होतं. ते तीन सेंटवर यावं म्हणून त्यांनी ट्राम कंपनीशी वर्षानुवर्षं झुंज दिली आणि शेवटी स्वस्त भाड्याची दुसरी कंपनी शहरात आणली. शाळा मंडळात लाच चालते असं कळल्यावर १८९४ मध्ये ते पोलिस घेऊन थेट मंडळाच्या बैठकीत गेले. दोषींनी राजीनामे द्यावेत, असं त्यांनी सांगितलं. कुणी जागचं हललं नाही, तेव्हा चार सभासदांना तिथूनच अटक झाली.

बटाट्याची शेती

त्यांचं सर्वांत मोठं काम मात्र मातीतलं आहे. १८९३ च्या मंदीत कारखाने बंद पडले आणि हजारो कुटुंबं, त्यांत पोलंड-जर्मनीतून आलेली पुष्कळ, मदतीच्या रांगेत उभी राहिली. शहराभोवती बिल्डरांनी भाव वाढण्याची वाट पाहत राखून ठेवलेल्या जमिनी ओसाड होत्या. पिंग्रींनी १८९४ मध्ये त्या मालकांकडून तात्पुरत्या मागून घेतल्या, नांगरून दिल्या आणि त्यांचे तुकडे बेकारांना वाटले. पैसे कमी पडले तेव्हा स्वतःचा उमदा घोडा लिलावात काढला. पहिल्या वर्षी सुमारे ४३० एकरांवर ९४५ कुटुंबांनी बटाटे, शेंगा, सलगम पिकवले. आधी खिल्ली उडाली, मग हाच प्रयोग न्यूयॉर्कसह अनेक शहरांनी उचलला. गरिबाला भीक न देता जमीन द्यायची, ही कल्पना मला आजही थोर वाटते.

राजधानीत

धनिक मित्र तोवर पाठ फिरवून बसले होते. एका बँकेच्या संचालक मंडळातूनही त्यांना वगळण्यात आलं. मतदार मात्र सोबत राहिले, आणि १८९६ मध्ये पिंग्री मिशिगनचे गव्हर्नर निवडून आले. महापौरपदही सोडायचं नाही असा त्यांचा हट्ट होता. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९७ मध्ये तो मोडून काढला.

गव्हर्नर म्हणून त्यांचा रोख रेल्वे कंपन्यांवर होता. सामान्य माणूस घराच्या किमतीवर कर भरत असताना रेल्वे फक्त उत्पन्नावर, तोही हलका कर भरत होती. मालमत्तेवर कर बसवणारा कायदा त्यांनी १८९९ मध्ये करून घेतला, पण न्यायालयाने तो रद्द ठरवला. त्यातच लष्करी सामानाच्या खरेदीतला घोटाळा बाहेर आला. जाता जाता पिंग्रींनी त्यातल्या दोषी अधिकाऱ्यांना माफी दिली. लाचखोरांना भर बैठकीतून उचलणाऱ्या माणसाला हे शोभलं नाही, आणि त्याचं समर्थन करता येत नाही.

कराची लढाई मात्र थांबली नाही. १९०० च्या नोव्हेंबरमध्ये मतदारांनी राज्यघटनेतली दुरुस्ती मंजूर केली आणि रेल्वेच्या मालमत्तेवर कर लावण्याचा मार्ग मोकळा झाला. पद सोडल्यावर पिंग्री आफ्रिकेच्या सफरीला गेले आणि परतीच्या वाटेवर, १८ जून १९०१ रोजी, लंडनमध्ये वारले. मिशिगनमध्ये त्याच वर्षी त्या कराचा कायदा झाला.