मँचेस्टर : कापसाच्या मागावर एक दिवस

मँचेस्टर म्हटलं की तरुणांना फुटबॉल आठवतं आणि वडीलधाऱ्यांना कापड. इचलकरंजीला 'महाराष्ट्राचं मँचेस्टर' म्हणतात, ते कापडामुळेच. म्हणून उत्तर इंग्लंडमधल्या या शहरात जाणाऱ्यांना मी सांगतो, मैदान जरूर पाहा. पण एक दिवस कापसाचा माग काढायला राखून ठेवा. सगळी ठिकाणं मध्यवस्तीत, पायी फिरण्याजोगी आहेत.

सुरुवात रॉयल एक्स्चेंजपासून करावी. इथल्या भव्य दालनात सूत आणि कापडाचे सौदे होत. ते १९६८ साली थांबले. १९७६ मध्ये त्याच दालनात नाट्यगृह सुरू झालं. अखेरच्या दिवसाचे भाव दाखवणारा फलक मात्र उंचावर अजून तसाच आहे.

जवळच जॉन रायलंड्स ग्रंथालय आहे. बाहेरून चर्चच वाटावं अशी ही इमारत एका कापड व्यापाऱ्याच्या स्मरणार्थ त्याच्या पत्नीनं, एनरिकेटा रायलंड्स यांनी बांधवली. १९०० साली ती वाचकांसाठी खुली झाली.

पुढे विज्ञान व उद्योग संग्रहालय. त्याच्या आवारात १८३० सालचं रेल्वे स्थानक आहे. आज उभ्या असलेल्या प्रवासी स्थानकांत ते जगातलं सर्वांत जुनं. लिव्हरपूल बंदरात उतरलेला कापूस याच मार्गानं गिरण्यांकडे येई. आपली मुंबई-ठाणे गाडी धावली ती त्यानंतर २३ वर्षांनी.

हा कापूस पिकवत कोण होतं? मुख्यतः अमेरिकेतले गुलाम. १८६१ साली तिथं यादवी युद्ध पेटलं, कापूस येईनासा झाला आणि लँकेशायरच्या गिरण्या बंद पडल्या. घरात अन्नाची भ्रांत असतानाही १८६२ च्या ३१ डिसेंबरला मँचेस्टरच्या कामगारांनी सभा भरवून गुलामगिरीविरुद्ध लिंकनना पाठिंबा दिला. लिंकननी पत्रातून त्यांचे आभार मानले. लिंकन चौकातल्या पुतळ्याखाली त्या पत्रातला मजकूर कोरलेला आहे. तो सावकाश वाचावा.

त्याच टंचाईनं मुंबईत मात्र पैशाचा पूर आणला. आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. राजाबाई टॉवरसाठी देणगी देणारे प्रेमचंद रायचंद याच तेजीत गब्बर झाले. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले आणि मुंबईतल्या कितीतरी पेढ्या बुडाल्या. तिकडचा उपास आणि इकडची चैन, दोन्ही एकाच धाग्याची टोकं होती.

शेवटी कॅथीड्रलजवळ या. तिथं २०१९ साली गांधीजींचा पुतळा उभारला गेला. विलायती कापडावर बहिष्कार घालणारे गांधीजी १९३१ मध्ये लँकेशायरच्या बेकार कामगारांना स्वतः भेटले होते आणि त्या कामगारांनी त्यांचं मनापासून स्वागत केलं होतं. हा पुतळा घडवला राम सुतार यांनी. ते मूळचे धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे, म्हणजे आपल्या कापूस पिकवणाऱ्या खानदेशातले.