लोह घटले की रंग चढतो

स्यूडोमोनास फ्लुरोसेन्स या मातीतल्या जिवाणूला लोह कमी पडले की तो पिवळसर हिरवा रंग बनवतो. लोह मुबलक मिळाले की बनवणे थांबवतो. नांदेड-हिंगोलीच्या हळद पट्ट्यात कंदकुजीसाठी बेण्याला लावतात त्या शंखजिऱ्याच्या पांढऱ्या भुकटीत हाच जिवाणू असतो.

रंगाचे नाव पायोव्हर्डीन. तो शोभेचा नाही, लोह पकडण्याचा गळ आहे. जिवाणू तो पेशीबाहेर सोडतो, लोहाचा कण अडकला की परत आत ओढून घेतो. अतिनील दिव्याखाली काचेच्या नळीतला रिकामा गळ निळसर हिरवा चमकतो. त्याच नळीत लोहक्षाराचे दोन थेंब टाकले की चमक विझते आणि द्रव तपकिरी होतो. पेशीत लोह पुरेसे झाले की ‘फर’ नावाचे प्रथिन त्या लोहासह डीएनएवर बसते, आणि रंगाचा कारखाना बंद पडतो.

रंगात इतर क्षारांचाही हात असतो. किंग, वॉर्ड आणि रेनी यांनी 1954 मध्ये जिवाणू वाढवण्याची दोन माध्यमे सुचवली. पेप्टोन आणि ग्लिसरॉल दोन्हींत आहेत. फरक मुख्यतः क्षारांचा. ‘बी’ माध्यमात लिटरला दीड ग्रॅम पोटॅशियम फॉस्फेट आणि तितकेच मॅग्नेशियम सल्फेट. त्यावर पायोव्हर्डीन खुलतो. ‘ए’ माध्यमात फॉस्फेट घालत नाहीत, त्याजागी पोटॅशियम सल्फेट आणि मॅग्नेशियम क्लोराइड. त्यावर स्यूडोमोनास एरुजिनोसा निळा पायोसायनिन बनवतो. हा जिवाणू मात्र जखमेत पू करणारा भाऊबंद, शेतात नको असलेला.

नांदेड जिल्ह्यातल्या हिमायतनगरच्या बाजूने पाहिले तर गंमत अशी, की काळ्या जमिनीत लोह कमी नसतेच. पण जिथे चुनखडी जास्त आणि सामू 8 च्या आसपास, तिथे ते विरघळत नाही. सोयाबीनची कोवळी पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात. अशा मातीत पायोव्हर्डीनचे चांगलेच फावते: उरलेसुरले लोह जिवाणू गोळा करतो आणि रोगकारक बुरशी उपाशी राहते. क्लॉपर व सहकाऱ्यांनी 1980 मध्ये बर्कलेत दाखवले, की रोग दबवणाऱ्या मातीत लोह मिसळले तर तिचा तो गुण जातो.

पिवळ्या पिकाला हिराकस (फेरस सल्फेट) पानांवर फवारतात, कारण चुनखडीच्या जमिनीत टाकलेले लोह लगेच गंजून बसते. फवाऱ्यातले लोह पानाला मिळते, मुळाशी असलेल्या जिवाणूला फारसे पोहोचत नाही.