तोंडातला फोड

राई-मुर्ध्याकडे आम्ही कितीदा पाहिले. बाप्ये गालात तंबाखू धरतात, बाया मिश्री लावतात. मग तोंडात फोड येतो. दुखत नाही, म्हणून माणूस गप्प बसतो. तिथेच चुकते!

तीन आठवड्यांत फोड बरा झाला नाही, गालात पांढरा-लाल चट्टा आला, तोंड पुरते उघडेना, मानेत गाठ आली, आवाज बसला तो बसलाच, तर डॉक्टरला दाखवा. भाईंदरहून लोकलने मुंबईला जाता येते. तिथे परळला टाटा रुग्णालय आहे. १९४१ पासून तिथे कॅन्सरवर उपचार होतात.

डॉक्टर फोडाचा बारीक तुकडा काढून तपासतात. ‘सुरी लागली की रोग पसरतो,’ असे लोक म्हणतात. आम्हीही पूर्वी तसेच मानत होतो. पण ते खरे नाही. तुकडा तपासल्याशिवाय रोगाची खात्री होत नाही.

रोग लहान असला, तर बहुधा तेवढा भाग कापून भागते. वाढला, तर किरणांचा शेक आणि औषधेही लागतात. कधी जबड्याचे हाडही काढावे लागते.