मातीखालचे मातृत्व

उभयचर प्राणी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बेडूक उभा राहतो. फार तर शेपटीवाल्या सॅलॅमँडरचे नाव एखाद्याला आठवते. परंतु उभयचरांच्या वर्गात या दोघांच्या जोडीला आणखी एक, तिसरा गण आहे आणि तो बहुतेकांना ठाऊक नसतो. या गणातील प्राण्यांना पाय नसतात. त्यांचे इवलेसे डोळे कातडीखाली, काहींचे तर कवटीच्या हाडाखाली झाकलेले असतात आणि बहुतेकांचे सारे आयुष्य जमिनीच्या पोटात जाते. मराठीत या प्राण्याला ‘देवगांडूळ’ असे सुरेख नाव आहे. जगभरात देवगांडुळांच्या सव्वादोनशेच्या आसपास जाती ज्ञात आहेत. त्यांपैकी सुमारे चाळीस भारतात आढळतात आणि त्यांतील बऱ्याचशा पश्चिम घाटात.

कोकणात किंवा घाटमाथ्यावर पावसाळ्यात माती उकरताना, दगड उलटताना किंवा पालापाचोळा बाजूला सारताना देवगांडूळ अधूनमधून नजरेस पडते. पाहणारा एक तर त्याला मोठे गांडूळ समजून सोडून देतो, नाही तर सापाचे पिल्लू समजून ठेचतो. ज्याला पाय नाहीत, धड डोळेही नाहीत, तो जीव उत्क्रांतीच्या शिडीवर खालच्याच पायरीवर असणार, असा आपला सहज ग्रह होतो. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. अपत्यसंगोपनाच्या बाबतीत या प्राण्याने जे मार्ग शोधले आहेत, ते पाहिल्यावर सस्तन प्राण्यांनाही आपल्या मातृत्वाचा फार अभिमान बाळगता येणार नाही.

साप नव्हे, गांडूळही नव्हे

देवगांडुळाच्या अंगावर गांडुळासारखीच वलये असतात. मात्र गांडूळ हा बिनकण्याचा जीव. देवगांडुळाला पाठीचा कणा आहे, भक्कम कवटी आहे, जबडे आणि तीक्ष्ण दातही आहेत. साप म्हणावे, तर सापासारखे खवल्यांचे कोरडे आवरण त्याच्या अंगावर नसते. त्याची त्वचा बेडकासारखी ओलसर आणि बुळबुळीत असते. काही जातींत लहान खवले असतात खरे, पण ते वलयांच्या खाचांत दडलेले असल्यामुळे वरून दिसत नाहीत. शेपटी नसतेच म्हटले तरी चालेल. डोळा आणि नाकपुडी यांच्या दरम्यान एक छोटा संस्पर्शक असतो. अंधारात वास आणि स्पर्श यांच्या साहाय्याने वाट काढण्यासाठी व भक्ष्य हुडकण्यासाठी त्याचा उपयोग होतो. असा अवयव अन्य कोणत्याही कणाधारी प्राण्यात आढळत नाही.

मातीतून पुढे सरकण्याची त्याची रीतही न्यारी आहे. देवगांडुळाचा कणा कातडीच्या नळीत काहीसा मोकळा असतो. त्यामुळे बाहेरचे शरीर बिळाच्या भिंतींना टेकलेले ठेवून आतला कणा पुढे रेटता येतो आणि कवटीचा उपयोग पहारीसारखा करता येतो. गांडुळे, वाळवी आणि मातीतले इतर लहान जीव हे त्याचे खाद्य. काही जाती जेमतेम दहा सेंटीमीटर लांबीच्या असतात, तर कोलंबियातील एक जात दीड मीटरपर्यंत वाढते.

प्राणिशास्त्रज्ञांनाही या प्राण्याने बराच काळ चकवले. लिनियसने १८व्या शतकात त्याला दिलेल्या नावाचे मूळ ‘आंधळा’ या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे आणि त्या काळी त्याची गणना सापांबरोबर केली जात असे. पुढे १८३१च्या सुमारास योहानेस म्यूलर या जर्मन शास्त्रज्ञाला एका पिल्लाच्या मानेवर कल्ल्यांची छिद्रे आढळली आणि हा प्राणी उभयचरच असल्याचे स्पष्ट झाले.

पाय गेले कसे?

देवगांडुळांच्या पूर्वजांना पाय होते. हे केवळ अनुमान नव्हे, त्याचा पुरावा दगडात सापडला आहे. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात सुमारे १८ ते १९ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत मिळालेल्या ‘इओसिसिलिया’ या प्राण्याचे वर्णन १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले. लांबट शरीर, देवगांडुळासारखी कवटी आणि त्या शरीराला न शोभणारे चार चिमुकले पाय, असे त्याचे रूप होते. २०२३ मध्ये त्याच राज्यातील पेट्रिफाइड फॉरेस्ट राष्ट्रीय उद्यानातून ‘फंकसव्हर्मिस’ या आणखी जुन्या नातेवाइकाची नोंद झाली. त्याचे अवशेष सुमारे २२ कोटी वर्षांपूर्वीचे, म्हणजे डायनोसॉरांच्या आरंभीच्या काळातले आहेत.

पाय नाहीसे होण्यामागे जनुकीय पातळीवर काय घडले, यावरही आता प्रकाश पडला आहे. कणाधारी प्राण्यांच्या गर्भात हातपाय घडताना ‘सॉनिक हेजहॉग’ नावाचे एक जनुक कामाला लागते. हातपायांच्या जागी ते केव्हा चालू व्हावे, हे जनुकसंचातील एक छोटा तुकडा ठरवतो. त्याला विजेच्या दिव्याचे बटण म्हणता येईल. सापांमध्ये हे बटण बिघडलेले आहे, हे पूर्वीच समजले होते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात देवगांडुळांच्या दोन जातींचा संपूर्ण जनुकसंच तपासण्यात आला, तेव्हा त्यांच्यात तर हे बटण जागेवरच नसल्याचे आढळले. साप आणि देवगांडूळ यांच्यात जवळचे नाते नाही. तरीही दोघांच्या बाबतीत निसर्गाचा घाला एकाच ठिकाणी पडला. त्याच संशोधनात देवगांडुळांमध्ये वास आणि रासायनिक संदेश ओळखण्याशी निगडित असलेली अनेक खास जनुके दिसून आली. एका हाताने काढून घेताना निसर्गाने दुसऱ्या हाताने दिलेही होते.

खंडाळ्याचे नातेवाईक सेशेल्समध्ये

देवगांडूळ समुद्र ओलांडू शकत नाही. खारे पाणी त्याच्या ओल्या त्वचेला सोसत नाही. म्हणूनच ते कोठे आढळते, यावरून भूखंडांचा इतिहास वाचता येतो. खंडाळ्याच्या परिसरातून १९६० मध्ये नोंदवलेले ‘इंडोटायफ्लस’ आणि पश्चिम घाटात पसरलेले ‘गेगेनिओफिस’ या प्रजातींचे जवळचे सगेसोयरे हिंदी महासागरातील सेशेल्स बेटांवर राहतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भारत आणि सेशेल्स एकमेकांपासून दुरावले, तेव्हा हे कुटुंबही विभागले गेले. ईशान्य भारतात तर २०१२ मध्ये दिल्ली विद्यापीठातील प्रा. एस. डी. बिजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देवगांडुळांचे एक संपूर्ण नवे कुल जगासमोर आणले. गारो भाषेतील नावावरून त्याला ‘चिकिलिडी’ असे नाव देण्यात आले. त्याचे जवळचे आप्त आफ्रिकेत आहेत आणि दोघांची ताटातूट १४ कोटी वर्षांपूर्वीच झालेली असावी, असे त्यांच्या अभ्यासातून दिसते.

अंड्यापासून पिल्लापर्यंत

बहुतेक बेडकांची मादी पाण्यात अंडी घालते आणि नर त्यांवर शुक्राणू सोडतो. देवगांडुळांच्या सर्व जातींत मात्र फलन मादीच्या शरीरातच होते. त्यासाठी नराजवळ खास अवयव असतो. या एका गोष्टीने पुढच्या अनेक शक्यतांचे दार उघडले.

त्यांतली जुनी रीत ‘इक्थिओफिस’ या प्रजातीत पाहायला मिळते. पॉल आणि फ्रिट्झ सारासिन या स्विस संशोधकांनी १८८०च्या दशकात श्रीलंकेत या प्राण्याचा बारकाईने अभ्यास केला. मादी पाण्याजवळच्या ओल्या मातीत अंडी घालते आणि त्यांच्याभोवती शरीराचे वेटोळे करून राखण करीत बसते. अंड्यातील गर्भाला पिसाऱ्यासारखे बाह्य कल्ले असतात. अंड्यातून बाहेर पडलेली पिल्ले पाण्यात जातात, तेथे अनेक महिने वाढतात आणि रूपांतर पूर्ण झाल्यावर पुन्हा मातीत शिरतात.

दुसरी रीत पाण्याची गरजच टाळणारी आहे. पश्चिम घाटातील ‘गेगेनिओफिस’च्या काही जातींत आणि ईशान्येच्या ‘चिकिला’मध्ये पाण्यातील अवस्था अंड्यातच उरकली जाते. अंड्यातून थेट प्रौढासारखे दिसणारे छोटे देवगांडूळ बाहेर येते. चिकिलाची मादी दोन ते तीन महिने अंड्यांना विळखा घालून बसते.

तिसरी रीत थेट पिल्लांना जन्म देण्याची. अशा जातींच्या गर्भांना आईच्या पोटात असतानाच बारीक दात येतात. अंडवाहिनीचे आतले अस्तर या काळात जाड आणि पौष्टिक बनते व गर्भ ते दातांनी खरवडून खातात. सस्तन प्राण्यांत जे काम वार करते, ते येथे आईच्या शरीराचे अस्तर करते.

कातडी आणि दूध

अंडी घालणे आणि पिल्ले प्रसवणे या दोन टोकांमधील अंतर उत्क्रांतीने कसे पार केले असेल, या प्रश्नाचा एक विलक्षण धागा २००६ मध्ये केनियात सापडला. तेथील तैता टेकड्यांमध्ये राहणाऱ्या ‘बूलेंजेरुला’ जातीची मादी अंडी घालते. पिल्ले बाहेर आली की तिच्या कातडीचा बाह्य थर जाड होतो आणि त्यात स्निग्ध पदार्थ साठतात. पिल्ले तिच्या अंगावर चढून हा थर आपल्या खास दातांनी सोलून खातात. आठवडाभरात पिल्लांची लांबी सरासरी ११ टक्क्यांनी वाढते, तर आईचे वजन १४ टक्क्यांनी घटते. सोललेली कातडी पुन्हा भरून येते आणि पुन्हा पिल्लांच्या मुखी लागते. या पिल्लांचे दात आणि जन्मापूर्वी अंडवाहिनी खरवडणाऱ्या गर्भांचे दात यांत लक्षणीय साम्य आहे. म्हणजे कातडी खाण्याचे हत्यार आधी तयार झाले आणि पुढे काही वंशांत तेच आईच्या पोटात वापरले गेले, असे मानायला जागा आहे.

या कहाणीचा पुढचा अध्याय ब्राझीलमध्ये लिहिला गेला. साओ पाउलोच्या बुतांतान संस्थेतील पेद्रो मायल्यो-फोंताना, कार्लोस जारेद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाहिया राज्यातील कोकोच्या बागांतून ‘सिफोनॉप्स’ जातीच्या १६ माद्या पिल्लांसह आणल्या आणि त्यांचे चित्रीकरण केले. कातडी खाण्याचे प्रसंग दिवसाआड नव्हे, तर बऱ्याच दिवसांच्या अंतराने येत होते. पिल्लांची वाढ मात्र झपाट्याने होत होती. याचे रहस्य चित्रफितींतून उलगडले. पिल्ले दिवसातून अनेकदा आईच्या शरीराच्या मागील टोकाशी गोळा होत, तिला स्पर्श करीत, बारीक आवाज काढीत आणि मग तेथून पाझरणारा दाट द्राव पीत. स्निग्ध आणि पिष्टमय पदार्थांनी समृद्ध असलेला हा द्राव अंडवाहिनीतील ग्रंथींत तयार होतो. मार्च २०२४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात हे संशोधन प्रसिद्ध झाले. अंडी घालणारा एक उभयचर आपल्या पिल्लांना दूध पाजतो, असेच त्याचे सार म्हणावे लागेल. स्तन नाहीत, स्तनाग्रे नाहीत. पण भुकेल्या पिल्लाची हाक आणि आईचा प्रतिसाद मात्र आपल्या ओळखीचा आहे.

कोकणच्या जांभ्यातले कोडे

या साऱ्या संशोधनात महाराष्ट्राचा धागा मोलाचा आहे. कोकणातील दोर्ले या गावी सापडलेल्या जातीचे वर्णन २००३ मध्ये करण्यात आले आणि देवगांडुळांवर काम केलेल्या प्रा. बी. आर. शेषाचार यांच्या स्मरणार्थ तिला ‘गेगेनिओफिस शेषाचारी’ असे नाव मिळाले. त्याच वर्षी आंबोलीतून ‘गेगेनिओफिस डॅनिएली’ ही जात नोंदली गेली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे ज्येष्ठ निसर्गअभ्यासक जे. सी. डॅनिएल यांच्या नावाने ती ओळखली जाते. पुढच्या वर्षी साताऱ्यातील हुंबर्ली येथून ‘इंडोटायफ्लस महाराष्ट्रएन्सिस’ आणि २००७ मध्ये गोव्यातून ‘गेगेनिओफिस गोवाएन्सिस’ यांची भर पडली.

खरे आश्चर्य २००८ मध्ये पुढे आले. डेव्हिड गोवर, वरद गिरी, महेश धर्णे आणि योगेश शौचे यांनी दाखवून दिले की, शेषाचारीची मादी अंडी घालत नाही, ती पिल्लांना जन्म देते. आशियातील उभयचरांत पिल्ले प्रसवण्याची ही पहिलीच नोंद होती. तिच्या प्रजातीतील इतर काही जाती मात्र अंडी घालतात. एकाच घराण्यातल्या, एकाच डोंगररांगेत राहणाऱ्या भगिनींपैकी एकीने वेगळी वाट धरली. आफ्रिका व दक्षिण अमेरिकेतील वंशांनी हे स्थित्यंतर फार पूर्वी पार केले. शेषाचारी आणि तिच्या अंडी घालणाऱ्या भगिनी मात्र आजही शेजारी नांदत आहेत. अंडे सोडून पिल्लाकडे जाताना शरीरात नेमके काय बदलते, हे तपासण्याची संधी इतक्या जवळच्या नात्यात क्वचितच मिळते.

ही संधी टिकणे मात्र मातीवर अवलंबून आहे. देवगांडुळांच्या कित्येक जाती केवळ एक-दोन ठिकाणांहून माहीत आहेत आणि आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या यादीत त्यांतील अनेकींच्या नावापुढे ‘अपुरी माहिती’ असा शेरा आहे. वाघाचे वन राखले जाते, पक्ष्यांचे पाणथळ राखले जाते. पण बांधाकडेची ओली माती राखण्याचा विचार कोणाच्या मनात येत नाही. चिऱ्यांच्या खाणी, यंत्रांनी सपाट केलेले उतार, तणनाशकांचे फवारे यांचा हिशेब मांडताना मातीखाली राहणारे जमेस धरले जात नाहीत. वास्तविक या प्राण्याची गरज फार मोठी नाही. सावली, ओलावा आणि न खणलेला थोडासा भाग मिळाला, तर काही जाती बागायतीतही तग धरतात.

निदान एक गोष्ट प्रत्येकाला करता येईल. पावसाळ्यात कुदळीच्या टोकाशी वलयांकित, चकचकीत, डोळे नसल्यासारखा जीव वळवळताना दिसला, तर त्याच्यावर घाव न घालता त्याला ओल्या मातीत परत जाऊ द्यावे. माणसाला त्याच्यापासून विषबाधेचे भय नाही आणि मांडूळ सापाप्रमाणे त्याच्याभोवती गुप्तधनाच्या कथाही नाहीत. कदाचित ती एखादी आई असेल आणि जवळच कोठे तरी तिचे वेटोळे सुटल्याने उघडी पडलेली अंडी तिची वाट पाहत असतील.