सगळे माझ्याकडेच बघतायत!

नाकावर पुटकुळी आली म्हणून नववीतली मुलगी शाळा बुडवायला निघते. घरचे समजावतात, ‘अगं, कुणाचं लक्षही जाणार नाही.’ तिला ते पटत नाही, आणि हा नुसता हट्ट नसतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड एलकाइंड यांनी १९६७ साली या अनुभवाला ‘काल्पनिक प्रेक्षक’ असं नाव दिलं. या वयात दुसऱ्याच्या मनाचा विचार करण्याची ताकद वाढते, पण आपल्या मनात जे घोळतंय तेच समोरच्याच्याही मनात आहे, असं वाटू लागतं.

हे मोजताही येतं. कॉर्नेल विद्यापीठात टॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना गायक बॅरी मॅनिलोचं चित्र असलेला, घालायला लाज वाटेल असा टी-शर्ट घालून इतरांनी भरलेल्या खोलीत पाठवलं. जवळपास निम्म्यांनी चित्र ओळखलं असेल, असा टी-शर्ट घातलेल्या विद्यार्थ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात ओळखलं सुमारे एक चतुर्थांश जणांनीच. हा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला.

मुलांना हा प्रयोग जरूर सांगा. काल वर्गात कुणाचे केस विस्कटले होते, तेही विचारा. बहुधा आठवणार नाही!

आत्मसन्मान या काल्पनिक प्रेक्षकांच्या टाळ्यांवर किंवा इन्स्टाग्रामच्या लाइक्सवर उभा राहिला, तर तो रोज डळमळतो. म्हणूनच ‘किती हुशार गं तू’ हे कौतुक मला अपुरं वाटतं. ‘ते प्रमेय दोनदा चुकलं, तरी तू सोडलं नाहीस’ असं म्हटलं, तर तिला स्वतःबद्दलची एक खरी गोष्ट कळते, आणि ती कुणाच्या नजरेवर अवलंबून नसते.