जन्माने मिळालेली जादू आणि आमचा वाचक

चित्रकथांचा आणि अद्भुताच्या जाडजूड कादंबऱ्यांचा नाद असलेला माणूस आपल्या चळवळीत थोडा संशयानेच पाहिला जातो. तो सभेला येतो, वर्गणी देतो, मोर्चात चालतो. पण पिशवीत कॉमिक घेऊन हिंडतो, म्हणजे तो अजून पुरता जागा झालेला नाही, अशी आपल्या कार्यकर्त्यांची समजूत असते. मी असा माणूस आहे. पन्नास वर्षे हे वाङ्मय मी भक्तिभावाने नव्हे, पण नियमाने वाचत आलो आहे. त्याचा बचाव करण्यासाठी हा लेख नाही. हा नाद वाचणाऱ्याला काय शिकवतो आणि तो आपल्या विचाराच्या आड येतो की कामी येतो, हे विद्यार्थी-शिक्षक मित्रांपुढे मांडावे, एवढाच हेतू आहे.

भंडारा जिल्ह्यातले जवाहरनगर म्हणजे दारूगोळ्याच्या कारखान्याची वसाहत. कारखाना केंद्र सरकारचा. २०२१ साली आयुध कारखान्यांच्या सात कंपन्या झाल्या, त्यात तो म्युनिशन्स इंडियाकडे गेला; पण लोकांच्या तोंडी अजून ऑर्डनन्स फॅक्टरीच आहे. मी वाढलो त्या क्वार्टरांत शेजारी बंगाली, पलीकडे तेलुगू, मागे उत्तर प्रदेशी. त्यामुळे पुस्तकांची देवघेव तीन-चार भाषांत चाले. मराठी ‘चांदोबा’ यायचा, त्यात शंकर यांनी काढलेला विक्रम खांद्यावर प्रेत घेऊन चालत असायचा. टाइम्स ऑफ इंडियाच्या मालकांनी १९६४ साली सुरू केलेली आणि १९९० पर्यंत चाललेली इंद्रजाल कॉमिक्स मराठीत मिळत, हिंदीतही मिळत. पुढे १९८६ नंतर राज कॉमिक्सचा नागराज आला. ही पुस्तके विकत घेणारे थोडे. आम्ही दिवसाच्या भाड्याने आणायचो आणि एका दिवसात चार घरे ती वाचून काढायची.

एक गोष्ट जाता जाता सांगतो. कॉमिकात स्फोट होतो तेव्हा मोठ्या अक्षरांत ‘धडाम’ लिहिलेले असते आणि पुढच्या चौकटीत नायक कपडे झटकून उभा राहतो. बारुदीच्या कारखान्याच्या वसाहतीत ती चौकट हसण्यावारी नेणे कुणालाच जमत नसे. जानेवारी २०२५ मध्ये इथे झालेल्या स्फोटात कामगारांचे जीव गेले. कल्पनेतला स्फोट आणि आपल्या बापाच्या पाळीतला स्फोट यांतला फरक आम्हाला कुणी शिकवावा लागला नाही. अद्भुत वाचणारा वास्तव विसरतो, असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

आमच्या घरातून देव १९५६ सालीच गेले होते. नागपूरला घेतलेल्या बावीस प्रतिज्ञा वडिलांना तोंडपाठ होत्या. अशा घरात मी पहिले कॉमिक आणले, तेच नेमके वेताळाचे. ली फॉकने १९३६ साली अमेरिकेत काढलेल्या फँटमला मराठीत हे नाव मिळाले होते. वडील म्हणाले, “घरातले देव काढले आम्ही, अन् तू आता वेताळ आणून राहिला का?” त्यांची शंका रास्तच होती. आमच्या मूळ गावच्या शिवेवर वेताळाचा शेंदूर फासलेला धोंडा होता आणि त्या धोंड्याच्या मानपानात आमच्या माणसांच्या वाट्याला काय येई, हे त्यांनी पाहिले होते.

पण धोंड्याचा वेताळ आणि कॉमिकातला वेताळ यांत एक फरक आहे, आणि माझ्या मते या सगळ्या विषयाचे मूळ तिथे आहे. कॉमिकातल्या वेताळापुढे कुणी नारळ फोडला नाही. पोथी संपते ती फलश्रुतीने. वाचले तर पुण्य, अविश्वास दाखवला तर पाप. कॉमिक संपते ते पुढच्या अंकाच्या जाहिरातीने. जी गोष्ट स्वतःला गोष्ट म्हणवते तिच्यावर वाचक रागावू शकतो, तिच्या चुका काढू शकतो, तिला टाकून दुसरी घेऊ शकतो. जी गोष्ट स्वतःला इतिहास म्हणवते, धर्म म्हणवते, तिच्याबाबत हे केले तर डोकी फुटतात. बाबासाहेबांच्या ‘रिडल्स इन हिंदूइझम’चा खंड महाराष्ट्र शासनाने १९८७ साली काढला, तेव्हा राम-कृष्णाविषयीच्या काही पानांवरून केवढे वादळ उठले, हे आपण पाहिलेले आहे. आपली लढाई अद्भुताशी नाही. अद्भुताला प्रमाण मानायला लावणाऱ्या सत्तेशी आहे.

म्हणूनच मला वेताळापेक्षा ‘अमर चित्रकथा’ अधिक अवघड वाटल्या. अनंत पै यांनी १९६७ साली त्या सुरू केल्या. कागद तसाच, रंग तसेच, चौकटी तशाच. पण ही आपली परंपरा, हा आपला वारसा असे सांगून त्या शाळांच्या ग्रंथालयांत गेल्या. त्यांतला देव गोरा किंवा निळा, नाक सरळ, अंग नितळ. राक्षस काळा, नाकाने बसका, अंगावर केस, हातात सोटा. आम्ही पोरे चित्रे बारकाईने पाहायचो. राक्षस कुणासारखा दिसतो हे आम्हाला मोठ्याने बोलावे लागले नाही. उन्हातान्हात राबणारा आमचा काका तसाच दिसायचा. याच मालिकेने १९७९ साली दिलीप कदम यांच्या चित्रांनी बाबासाहेबांवरही अंक काढला, आणि तो आमच्या घरी जपून ठेवला गेला. त्याचे मोल मी कमी करत नाही. पण एकाच साच्यातून देवही निघतो, राजाही निघतो आणि बाबासाहेबही निघतात, तेव्हा साचा सगळ्यांना एकट्या पराक्रमी पुरुषाचा आकार देतो. महाडला पाणी प्यायला गेलेले हजारो लोक त्या आकारात मागच्या गर्दीसारखे उरतात.

नाद असलेला वाचक साध्या वाचकाहून एका बाबतीत वेगळा असतो. त्याला त्या कल्पित जगाचे कायदे पाठ असतात. तो भांडतो ते कायद्यांवरूनच: ही शक्ती याला कुठून मिळाली, ती दुसऱ्याला का मिळत नाही? हा प्रश्न आपल्या माणसाने विचारला की त्याला वेगळीच धार येते. कारण बहुतेक ठिकाणी उत्तर एकच निघते: जन्माने.

वेताळ घ्या. बापामागून मुलगा, अशा एकवीस पिढ्या एकाच गोऱ्या घराण्यात तो मुखवटा चालत आला. भोवती जंगलातली काळी, बुटकी माणसे. ती गुहेची राखण करतात, ढोल वाजवून निरोप देतात, पण त्यांच्यातला कुणी कधी वेताळ होत नाही. मँड्रेकचा सोबती लोथार हा तर मूळचा आफ्रिकेतला राजपुत्र. राज्य सोडून तो एका जादूगाराचा सेवक झाला. १९३४ साली ती मालिका सुरू झाली तेव्हा त्याच्या अंगावर वाघराचे कातडे आणि तोंडी मोडकी भाषा होती. माणसासारखे बोलायला त्याला साठीचे दशक उजाडावे लागले.

टॉल्किनची ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही १९५४-५५ साली आलेली कादंबरी मी तीनदा वाचली आहे आणि पुन्हाही वाचीन. तिची भव्यता खरी आहे, तिच्यातल्या लहान माणसांचे धैर्यही खरे आहे. पण राजा शेवटी रक्तानेच ठरतो. आणि ऑर्क नावाची जी जमात तिथे मारण्यासाठीच जन्माला घातलेली आहे, ती कशी दिसते हे लेखकाने १९५८ सालच्या एका पत्रात सांगितले आहे: बसकी, चपट्या नाकाची, पिवळट कातडीची, युरोपी डोळ्यांना कुरूप दिसणाऱ्या मंगोल चेहऱ्यांची विटंबना. अख्ख्या कादंबरीत एकाही ऑर्काला लेकरू नाही, आई नाही. ज्याला आई दाखवली नाही त्याला मारताना वाचकाचा हात अडखळत नाही.

हॅरी पॉटरची सात पुस्तके (१९९७ ते २००७) रक्तशुद्धीच्या विरुद्ध आहेत, हे मान्य. पण त्यात घरगडी बटूंची एक गुलाम जात आहे. त्यांच्या मुक्तीसाठी संघटना काढणारी हर्मायनी ही एकटीच, आणि लेखिकेने तिचीच थट्टा मांडली आहे. डबा घेऊन वर्गणी मागणाऱ्या त्या मुलीला सगळे टाळतात, हे वाचताना आपल्यातला कोणता कार्यकर्ता हसेल?

उलट उदाहरणेही आहेत, आणि ती शोधण्यातच या नादाची खरी मजा आहे. राज कॉमिक्सचा ध्रुव सर्कशीत वाढलेला. त्याच्याकडे दैवी शक्ती काहीच नाही, शिकलेले कसब तेवढे आहे. डोगा तर कचऱ्यात सापडलेले पोर. ही कॉमिक्स आमच्या वसाहतीत सर्वांत जास्त का फाटली, याचे कारण मला इथे दिसते.

अर्सुला ले ग्विन या अमेरिकन लेखिकेने १९६८ साली ‘अर्थसी’ची पहिली कादंबरी लिहिली. तिचा नायक तांबूस-काळ्या वर्णाचा, खेड्यात बकऱ्या राखणारा, कासाराचा पोर. २००४ साली दूरचित्रवाणीवर त्याला गोरा केला गेला, तेव्हा लेखिकेने जाहीरपणे निषेध केला. त्या जगात जादू म्हणजे वस्तूचे खरे नाव जाणणे. ज्याला खरे नाव माहीत त्याचा त्या वस्तूवर अधिकार. हे वाचताना मला परदेशी असे काही वाटलेच नाही. आमच्या आजोबांच्या पिढीत कचरू, दगडू, धोंडू ही नावे ठेवली गेली; पुढच्या पिढीने सिद्धार्थ, राहुल, गौतमी ठेवली. विद्यापीठाच्या नावासाठी १९७८ च्या ठरावापासून १९९४ पर्यंत आमची घरे जळली. नावात शक्ती असते, हे आम्हाला जादूगाराने सांगायची गरज नव्हती. पण ते कल्पनेच्या भाषेत मांडता येते, आणि मांडले की परक्या मुलखातल्या पोरालाही कळते, हे मात्र मी या पुस्तकात पाहिले.

आणि पँथर! जुलै १९६६ च्या एका अमेरिकन कॉमिकात ब्लॅक पँथर हा आफ्रिकी राजा नायक म्हणून आला. ऑक्टोबरमध्ये ओकलंडला त्याच नावाचा पक्ष स्थापन झाला. पुढे त्या कंपनीला पक्षाच्या नावाची धास्ती वाटू लागली आणि १९७२ सालच्या एका अंकात तिने त्याला ‘ब्लॅक लेपर्ड’ म्हणवून पाहिले. नेमक्या त्याच वर्षी मुंबईत आपल्या तरुणांनी ते नाव उचलले आणि दलित पँथर उभी केली. भांडवलदार ज्या शब्दाला बिचकला तो शब्द इथल्या झोपडपट्टीने अंगाखांद्यावर घेतला.

आता आपल्या साहित्याकडे येऊ. ‘जेव्हा मी जात चोरली होती’पासून ‘बलुतं’, ‘अक्करमाशी’पर्यंत दलित साहित्याने अनुभवाची कसोटी लावली. ती लावणे भाग होते. कल्पनारम्यतेच्या नावाखाली सदाशिवपेठी वाङ्मयाने आमचे जगणे झाकून ठेवले होते. पण कसोटीची पुढे अट झाली. दलित लेखकाने भोगलेलेच लिहावे, त्याने दुसरे जग रचू नये, असे आता आपणच आपल्या पोरांना सांगतो. प्रकाशकही तेच मागतो: दुःख आणा, कल्पना दुसरे पुरवतील. हे मला मान्य नाही. जग कसे असावे याचा आराखडा रचण्याचा हक्क सोडायचा आणि फक्त साक्षीदार व्हायचे, हा कुठला न्याय?

शिवाय आपली परंपरा तशी नाही. जोतीराव फुल्यांची १८७३ सालची ‘गुलामगिरी’ वाचा. मत्स्य, कच्छ, वराह, नरसिंह, वामन हे सगळे अवतार त्यांनी एकेक करून पुढ्यात घेतले आणि त्या गोष्टीच्याच कायद्याने तिला पकडले. तुमचा परशुराम चिरंजीव आहे ना? मग सहा महिन्यांत हजर व्हा, अशी नोटीस त्यालाच काढली. नाद असलेला वाचक असाच वाद घालतो: तुमचे जग खरे मानू, पण मग त्याचा नियम तुम्हीही पाळा. आणि जोतीराव नुसते मोडून थांबले नाहीत. बळीच्या राज्याचे एक संपूर्ण जग त्यांनी उभे केले. श्रीविद्या नटराजन आणि अपराजिता निनान यांनी २०११ साली याच पुस्तकावर इंग्रजीत चित्रकादंबरी केली, हा योगायोग नव्हे.

बाहेरच्या लोकांनी ही वाट केव्हाच धरली आहे. मार्टिन ल्यूथर किंग आणि माँटगोमेरीच्या बस बहिष्कारावर १९५७ साली सोळा पानांचे कॉमिक निघाले, दहा सेंटला. ते चळवळीचे पत्रक म्हणून वाटले गेले. ते तरुणपणी वाचलेल्या जॉन लुईस यांनी पुढे आपली लढाई ‘मार्च’ या तीन चित्रखंडांत सांगितली. एन. के. जेमिसिन या काळ्या लेखिकेने भूकंप आवरणाऱ्या पण तुच्छ लेखल्या जाणाऱ्या माणसांचे जग रचले आणि २०१६ ते २०१८ सलग तीन वर्षे ह्यूगो पुरस्कार घेतला. बंगालच्या मिमी मंडल या दलित लेखिकेचे नाव २०१८ साली याच पुरस्काराच्या यादीत होते.

आणि ‘भीमायन’ तर आपलेच. दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी २०११ साली बाबासाहेबांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’तले प्रसंग रंगवले, मजकूर श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचा. १९०१ साली वडिलांना भेटायला गोरेगावकडे निघालेली पोरे मसूर स्टेशनवर उतरतात, आणि जात कळताच गाडी मिळत नाही, पाणी मिळत नाही. हे सगळे चौकटींत कोंडलेले नाही. चित्रकारांनी चौकटच नाकारली. बोलण्याचे फुगे दोन तऱ्हांचे आहेत. साध्या, मायेच्या माणसाचे बोलणे पाखराच्या आकारात. ज्याच्या बोलण्यात जातीचे विष आहे त्याच्या फुग्याला विंचवाची नांगी.

रविवारी वसाहतीतली काही मुले माझ्याकडे चित्रकथा काढायला बसतात. त्यांना मी हे पुस्तक दिले. पाखरू आणि विंचू त्यांना लगेच कळले. एका सातवीतल्या मुलीने मात्र विचारले, की हसत, गोड आवाजात “बेटा, तुझं पूर्ण नाव काय?” असे विचारणाऱ्या बाईंचा फुगा कसा काढायचा, काका? मी म्हटले, तूच ठरव. तिने बराच वेळ खोडरबर घासले. मग पाखरू काढले, चोच उघडी, पंख पसरलेले, आणि शेपटीच्या जागी नांगी.